इंग्रजी क्रियापद आणि आपली सही



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी गिरणी कामगारांच्या संपांचा, नाहीतर आपल्या तारापूर औद्योगिक वसाहतीचा इतिहास सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तो तर माझा रोजचाच धंदा आहे. आज मी निराळा इतिहास सांगणार आहे. तो आहे इंग्रजीतील एका साध्या, नियमित क्रियापदाचा आणि परक्या घरातून येऊन ज्यांना ते क्रियापद शिकावे लागले त्या माणसांचा. मी पंडित नव्हे. आठवीत शाळा सुटली. पुढचे जे काही शिकलो ते रात्रपाळीत, जुन्या पुस्तकांतून आणि खाल्लेल्या ठोकरांतून. म्हणून एका ठोकरीपासूनच आरंभ करतो.

तीसएक वर्षे झाली. बोईसरला आमच्या खोलीवर एक कामगार एक कागद घेऊन आला. कारखान्याचे नाव सांगण्याची गरज नाही. असे कागद अनेक ठिकाणी निघत. त्याला कामावरून कमी केले होते. "पैसे पुढच्या महिन्यात मिळतील, आज फायनल हिशेबाच्या कागदावर सही कर," असे त्याला सांगण्यात आले. त्याने सही केली. कागद इंग्रजीत टाइप केलेला होता. मी तो तीन वेळा वाचला, कारण त्या वेळी माझेही इंग्रजी अक्षर लावण्यापुरतेच होते. त्यात 'विल रिसीव्ह' नव्हते; 'हॅव रिसीव्ह्ड' होते. म्हणजे 'मिळतील' असे नव्हते, 'मिळाले आहेत' असे होते. पुढच्या महिन्यात पैसे आले नाहीत. तडजोडीच्या बैठकीत समोरच्या माणसाने कागद पुढे सरकवला आणि विचारले, "तूच लिहून दिले आहेस की सगळे मिळाले, मग आता काय मागतोस?" पुष्कळ खेपा घातल्यावर अर्ध्या रकमेवर प्रकरण मिटले. उरलेली अर्धी रक्कम क्रियापदाच्या शेपटीला लागलेल्या एका 'ड'ने खाल्ली.

त्या दिवशी मी ठरविले की, या शेपटीचा मागोवा घ्यायचा. पालघरच्या रद्दीच्या दुकानातून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पाने सुटलेली एक जुनी प्रत आणली आणि अभ्यासास लागलो.

आता प्रथम हे इंग्रजी क्रियापद पाहू. 'वर्क' म्हणजे काम करणे, हे नियमित क्रियापद. याची रूपे एकंदर चार: वर्क, वर्क्स, वर्क्ड, वर्किंग. संपले! आपले क्रियापद पाहा. मी करतो, मी करते, तू करतोस, तू करतेस, तो करतो, ती करते, ते करतात; करीन, करशील, करील, कराल, करतील; शिवाय करावे, करता, करून. भूतकाळात तर आपले क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. मी हप्ता घेतला, मी रक्कम घेतली, मी पैसे घेतले. घेणारा मी एकच. पण क्रियापद हप्त्याप्रमाणे, रकमेप्रमाणे, पैशांप्रमाणे बदलले. इंग्रजी क्रियापदाला यातले काही नाही. पुरुषाने केले तरी 'वर्क्ड', बाईने केले तरी 'वर्क्ड', दहाजणांनी केले तरी 'वर्क्ड'.

मग ते सोपे असताना आपण त्यात अडखळतो का? जे आपण शेपटीत शोधतो ते इंग्रजीत शेपटीत नसते, हे त्याचे कारण. आपला भविष्यकाळ शेपटीत असतो: करीन, मिळतील. इंग्रजीत तो क्रियापदाच्या पुढे एका लहान शब्दात येतो: 'विल' किंवा 'शॅल'. आपला माणूस कागदावर 'रिसीव्ह' एवढे ओळखीचे अक्षर पाहतो आणि 'मिळणे' असा अर्थ लावून सही करतो. पुढे काय आहे आणि मागे काय आहे, याकडे त्याची नजरच जात नाही.

ही अडचण आपली एकट्याची नाही, असे वाचता वाचता माझ्या लक्षात आले. हिचा फार जुना अनुभव घेतलेला एक माणूस फ्रेंच बोलणारा आहे. फ्रान्सचे नाव आपल्या भागाला नवे नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले ते अमेरिकेच्या इंधनावर. अमेरिकेने हात आखडल्यावर १९८२ साली भारताने इंधनासाठी करार केला तो फ्रान्सशी. पण मी सांगतो ती गोष्ट त्याहून चारशे वर्षे जुनी आहे.

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये धर्माच्या नावाने मोठी कत्तल झाली. १५७२ सालचे ते हत्याकांड इतिहासात प्रसिद्ध आहे. प्रॉटेस्टंट पंथाची कुटुंबे जीव घेऊन इंग्लंडला पळाली. त्यांत विणकर आणि कारागीर पुष्कळ होते. हातात कसब होते, पण तोंडात भाषा नव्हती. बाजारात भाव विचारायचा, मालकाशी मजुरी ठरवायची, तर इंग्रजी हवी. त्यांच्यातलाच झाक बेलो नावाचा एक शिक्षक होता. त्याने १५८० साली लंडनमध्ये इंग्रजी शिकविणारे पुस्तक छापले आणि ते फ्रेंच भाषेत लिहिले. इंग्रजांनी आपल्या भाषेचे व्याकरण आपल्या भाषेत छापले ते विल्यम बुलोकरचे, १५८६ साली. म्हणजे इंग्रजी व्याकरण इंग्रजांच्या स्वतःच्या पोरांना मिळण्याआधी सहा वर्षे ते निर्वासित कारागिरांना मिळाले. विद्वानाला भाषेचे नियम सुचतात ते सवडीने. ज्याचे पोट अडलेले असते त्याला ते आजच हवे असतात.

याच बेलोने १५८६ साली संभाषणांचे आणखी एक पुस्तक काढले. त्यात एका बाजूस इंग्रजी वाक्य, शेजारी त्याचे फ्रेंच, आणि तिसऱ्या ओळीत इंग्रजीचा उच्चार फ्रेंच माणसाच्या कानाला समजेल अशा अक्षरांत. हे वाचले तेव्हा मला हसू आले. कारण आमच्या खोलीच्या भिंतीवरही मी असेच तीन रकाने काढले होते: इंग्रजी, मराठी आणि मराठी अक्षरांत इंग्रजी उच्चार. मला वाटत होते की, ही अडाण्याची युक्ती आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या एका मास्तराने तीच केली होती.

फ्रेंच माणसाची अडचण काय असते, तेही पाहण्यासारखे आहे. त्यांच्या भाषेत 'काम करणे' हे क्रियापद वर्तमानकाळात चालवताना लिहिण्यात सहा ठिकाणी पाच निराळी रूपे होतात. इंग्रजीत दोनच. तेवढे ओझे त्याचे कमी होते. पण भूतकाळात त्याचा पाय घसरतो. त्याच्या बोलीत 'मी काल काम केले' हे शब्दशः 'माझ्यापाशी काम केलेले आहे' अशा घाटाने येते. म्हणून तो इंग्रजीत म्हणतो, 'आय हॅव वर्क्ड यस्टरडे.' इंग्रज म्हणतो, चूक. 'काल' म्हटले की 'हॅव' काढा. आता आपला माणूस काय म्हणतो? 'मी काल काम केले आहे' हे आपल्याला चालते. म्हणून तोही म्हणतो, 'आय हॅव वर्क्ड यस्टरडे.' दोन माणसे दोन निराळ्या वाटांनी येऊन एकाच खड्ड्यात पडतात. इंग्रजीत बोलताना दोघांनाही खूण एकच सांगावी लागते: दिवस ठरलेला असेल, काल, परवा, गेल्या साली, तर नुसते 'वर्क्ड', आजपर्यंतचा हिशेब धरायचा असेल तर 'हॅव वर्क्ड'.

हा भेद कामगाराच्या किती कामाचा आहे? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली एक प्रकरण घातले गेले. बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस ज्याने प्रत्यक्ष काम केले आहे, त्याची एक वर्षाची सलग नोकरी धरावी, अशी त्यात तरतूद होती. तेथे इंग्रजीत नुसते 'वर्क्ड' नव्हते. 'हॅज' लावलेले होते. म्हणजे मागे कधी तरी, कोठे तरी काम केले, हे पुरत नव्हते. एका ठरलेल्या बिंदूपर्यंतची बेरीज मांडावी लागे. हजारो कंत्राटी आणि बदली कामगारांची भाकरी त्या बेरजेवर तोलली गेली. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२० साली औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. पण क्रियापद नीट वाचण्याची गरज कोणत्याही संहितेने संपत नाही.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, इंग्रजाला हे दुःख कधी कळलेच नसेल. तसे नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक पिढ्या दरबाराची व न्यायाची भाषा फ्रेंच राहिली. इंग्रज शेतकरी न्यायालयात उभा राही आणि आपल्यावर काय आरोप आहे हे त्याला समजत नसे. १३६२ साली कायदा झाला की, न्यायालयातले वादविवाद इंग्रजीत चालावेत, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. गंमत अशी की, तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिला होता! इंग्रजी क्रियापदाच्या शेपट्या पुष्कळशा गळल्या त्याही याच शतकांत. हजार वर्षांपूर्वी त्या भाषेतही पुरुष-वचनाप्रमाणे बदलणारे प्रत्यय आजच्यापेक्षा किती तरी अधिक होते. साहेबाची म्हणून जी भाषा आपण ओळखतो, तीही एके काळी रयतेची, दरबाराबाहेर उभी असलेली भाषा होती.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. इंग्रजी येथे येण्यापूर्वी या भागावर पोर्तुगीजांचा अंमल होता. तारापूर, माहीम, शिरगाव येथील किल्ले त्याची साक्ष देतात. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो अंमल उठला. त्या काळात उलटा प्रकार घडत होता: परका माणूस आपले क्रियापद शिकत होता. गोव्यात १५७९ साली आलेले फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. त्यांनी कोकणी भाषेचे व्याकरण लिहिले ते पोर्तुगीज वाचकांसाठी. त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली ते रायतूर येथे छापले गेले. मातृभाषा इंग्रजी, समजावण्याची भाषा पोर्तुगीज, आणि शिकवायचे ते आपल्या कोकणचे क्रियापद! आपल्या उत्तर कोकणच्या बोलीचेही असेच एक व्याकरण सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने लिहून ठेवले होते; कुन्हा रिवारा यांनी ते १८५८ साली गोव्यात छापविले. राज्य करणाऱ्याला, धर्म सांगणाऱ्यालादेखील, शेवटी रयतेच्या क्रियापदापुढे मांडी घालून बसावे लागले.

त्या अंमलाची एक खूण आपल्या रोजच्या तोंडी आहे. 'पगार' हा शब्द पोर्तुगीज आहे. मूळ भाषेत ते नाम नव्हे, क्रियापद आहे. 'पैसे चुकते करणे' असा त्याचा अर्थ, आणि तेही नियमित क्रियापद आहे. आपण ते उचलले ते मूळ रूपात, न चालवता. या शब्दाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

इंग्रजी राज्य स्थिर झाल्यावर मुंबईत इंग्रजी शाळा निघाल्या. १८३५ साली मेकॉलेने इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या काळात व्याकरणाचे पुस्तक म्हटले की लिंडली मरे याचेच नाव घेत. हा गृहस्थ अमेरिकेत जन्मलेला वकील, पुढे इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाला. तेथील मुलींच्या शाळेसाठी त्याने १७९५ साली व्याकरण लिहिले आणि ते जगभर पसरले. नियमित क्रियापद चालवून दाखविण्यासाठी त्याने 'प्रेम करणे' हे क्रियापद घेतले होते. मी प्रेम करतो, मी प्रेम केले, मी प्रेम केले आहे, अशी पानेच्या पाने. लॅटिन शिकवताना मास्तर ज्या साच्यात क्रियापद चालवीत, तोच हा साचा.

या मरेच्या पुस्तकाची घडण समोर ठेवून मुंबईच्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, महाराष्ट्र भाषेचे व्याकरण लिहिले. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. साचा परका घेतला, पण आपल्या क्रियापदाला त्यात बसविताना त्याचे हातपाय कापता येत नाहीत, हे त्यांच्या पिढीला आणि पुढच्या व्याकरणकारांना सतत जाणवत राहिले. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे आपले प्रयोग इंग्रजी साच्यात सुखाने मावत नाहीत. १९११ साली मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, तेव्हाही हा विचार चालूच होता. मला यातून एवढेच घ्यायचे आहे की, दोन क्रियापदे शेजारी शेजारी मांडली म्हणजे दोन्ही अधिक चांगली कळतात. तर्खडकरांच्या घराण्याचे नाव असलेली पाठमाला मराठी घराघरांत गेली ती याच रीतीमुळे: मराठी वाक्य घ्या, त्याचे इंग्रजी करा, इंग्रजी घ्या, त्याचे मराठी करा.

ही विद्या मजुराच्या उपयोगी कोणी आणली? ठाण्याचे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव येथे घेतले पाहिजे. गिरणीत नोकरी केलेला, इंग्रजी जाणणारा आणि 'दीनबंधु' हे मराठी पत्र चालविणारा हा माणूस. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी मजुरांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेले. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि मागील महिन्याची मजुरी पंधरा तारखेच्या आत, अशा त्या मागण्या होत्या. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. त्या निवेदनावर सह्या आणि अंगठे करणाऱ्यांपैकी किती जणांना इंग्रजी वाचता येत असेल? पण आपण कशावर सही करीत आहोत, हे सभेत मराठीतून समजून घेऊन त्यांनी ती केली. आमच्या त्या कामगाराने केलेली सही आणि या सह्या, यांतला फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

पुढे १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने असे ठरविले की, कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत फलकावर लावले पाहिजेत. कायद्याने स्वतःच दोन रकाने मान्य केले! फलकावरचे दोन रकाने मिळाले. पण टेबलावर सहीसाठी पुढे येणारा कागद बहुधा एकाच रकान्याचा राहिला.

त्या काळी कायद्यात 'शॅल' हा शब्द जागोजागी असे. त्याचीही कुळकथा ऐका. 'शॅल' आणि 'विल' कोठे वापरावे याचे नियम प्रथम व्यवस्थित मांडले ते जॉन वॉलिस या गणितज्ञाने, १६५३ सालच्या व्याकरणात. ते पुस्तक लॅटिनमध्ये होते, परदेशी वाचकांसाठी. पुन्हा तेच: परक्याला समजावताना घरच्याला आपली भाषा कळली. कायद्यात 'शॅल' म्हणजे केलेच पाहिजे. 'मे' म्हणजे करावे वाटले तर करता येईल. मालकाने 'शॅल पे' आणि मालकाने 'मे पे', या दोहोंत कामगाराचा संसार आहे.

आमच्या खोलीवर रविवारी संध्याकाळी वर्ग भरू लागला, त्याची पद्धत या सर्वांकडून उसनी घेतलेली आहे. फळ्यावर मरेचे 'प्रेम करणे' नाही. आमची क्रियापदे चार: काम करणे, सही करणे, मिळणे, देणे लागणे. वर्क, साइन, रिसीव्ह, ओ. चारही नियमित. वाडवळी बोलणारे, मांगेली बोलणारे, वारली पाड्यांवरून येणारे, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेले, सगळे एका सतरंजीवर बसतात. प्रत्येकाने इंग्रजी वाक्याचा अर्थ प्रथम स्वतःच्या बोलीत सांगायचा, मग पुढे जायचे. एवढा एकच नियम आम्ही पाठ करून घेतो: भूतकाळ शेपटीत पाहा, भविष्यकाळ डोक्यात पाहा. शेपटीला 'ड' दिसला की विचारा, "हे खरेच झाले आहे काय?" या शेपटीचा उच्चार कधी 'ट', कधी 'ड', कधी 'इड' असा होतो. घाईने वाचून दाखविणाऱ्याच्या तोंडून तो ऐकूही येत नाही. म्हणून कानावर नव्हे, डोळ्यांवर विश्वास ठेवा. आणि डोळ्यांनीही कळले नाही तर कागद घरी न्या. उद्या सही केल्याने आकाश कोसळत नाही.

काही मित्र म्हणतात, आता फोनमध्ये भाषांतर होते, मग हा खटाटोप कशाला? फोन जरूर वापरा. पण सहीच्या टेबलापाशी फोन बाहेर ठेवावयास सांगतात, आणि तेथे जवळ असते ते फक्त आपले डोके.

शेवटी त्या 'पगार' शब्दाकडे येतो. न चालवलेल्या क्रियापदाला पुरुष नसतो, वचन नसते, काळ नसतो. 'चुकते करणे', पण कोणी, कोणाला, केव्हा? ते त्या रूपात सांगितलेलेच नाही. लोखंड्यांनी पंधरा तारखेच्या आत म्हटले, तेव्हा त्यांनी त्या शब्दाला काळ लावला. कामगार संघटनेचे सारे काम यापेक्षा निराळे नाही. येत्या रविवारी वर्गात 'ओ' हे क्रियापद घेणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी वही आणि घरात पडलेला एखादा इंग्रजी कागद घेऊन यावे.